साखळी, सोडत आणि पकड : कबड्डी स्पर्धांतील गटांचे तुलनात्मक विवेचन
(शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात)

प्रस्तावना

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागात सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले शहापूर व मुरबाड हे दोन तालुके प्रामुख्याने भातशेतीचे आहेत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथील मैदानी खेळ जवळजवळ थांबलेले असतात. भातकापणी व मळणी आटोपून खाचरे मोकळी झाली की गावोगावी कबड्डीची क्रीडांगणे आखली जातात आणि दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत प्रकाशझोतात रात्रीचे सामने रंगतात. महाविद्यालयांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धाही याच सुमारास होत असल्याने एकच खेळाडू गावाच्या मंडळाकडून, महाविद्यालयाकडून व निवड झाल्यास जिल्ह्याकडून असा तीन ठिकाणी खेळताना दिसतो.

या सर्व स्पर्धांत एक चर्चा हमखास ऐकू येते. ‘आमचा गट कठीण होता’, ‘त्यांना पुढे चाल मिळाली म्हणून ते अंतिम फेरीत पोहोचले’, ‘सोडत नशिबाची निघाली’ अशा शब्दांत ती व्यक्त होते. ही केवळ पराभूत संघाची तक्रार नसते. कोणता गट खरोखर बलवान होता, गुणतक्त्यातील क्रमांक संघाची खरी ताकद दाखवितो का आणि बाद फेरीतील जोड्या कशा लागल्या, या प्रश्नांवर खेळाडूंची निवड व पर्यायाने त्यांचे भवितव्य अवलंबून असते. पहिल्याच सामन्यात बाहेर पडलेल्या संघातील चांगला कोपरारक्षक निवड समितीच्या नजरेस पडेलच याची शाश्वती नसते.

प्रस्तुत लेखात बचाव, कार्यक्रमपत्रिका आणि बाद फेरीतील जोड्या या तीन निकषांवर कबड्डी स्पर्धांतील गटांची तुलना कशी करावी याचे विवेचन केले आहे. त्यासाठी प्रो कबड्डी लीगने २०१७ व २०१८ या दोन हंगामांत राबविलेल्या दोन गटांच्या पद्धतीचा आधार घेतला असून त्यातून ग्रामीण स्पर्धांच्या आखणीसाठी काय घेता येईल, याचा विचार शेवटी मांडला आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात हुतूतू या नावाने खेळल्या जाणाऱ्या या खेळाला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नियमबद्ध स्वरूप आले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली, त्यांत या खेळाचाही समावेश होता. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडा स्पर्धेत पुरुषांची, तर २०१० च्या ग्वांगझू स्पर्धेत महिलांची कबड्डी पदकाचा खेळ म्हणून समाविष्ट झाली. महाराष्ट्रात या खेळाच्या संघटनकार्यात शंकरराव तथा बुवा साळवी यांचे नाव आदराने घेतले जाते.

२०१४ मध्ये आठ संघांनिशी प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि खेळाला दूरचित्रवाणीचा मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. २०१७ मध्ये संघांची संख्या बारा झाली. त्याच वर्षी संघांची ‘अ’ व ‘ब’ अशा दोन गटांत विभागणी करण्यात आली. ही विभागणी पुढच्या हंगामानंतर बंद झाली. परंतु गटांच्या तुलनेचा प्रश्न समजून घेण्यासाठी ते दोन हंगाम अत्यंत उपयुक्त आहेत.

पहिला निकष : बचाव

कबड्डीत प्रेक्षकांचे लक्ष चढाईपटूकडे असते. चढाईचे गुण डोळ्यांना दिसतात आणि फलकावरही झटपट लागतात. एका चढाईत तीन-चार गडी बाद होऊ शकतात; पकडीला मात्र साधारणतः एकच गुण मिळतो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू शिल्लक असताना केलेल्या पकडीस, म्हणजे अव्वल पकडीस, एक जादा गुण देण्याची तरतूद आहे. सहा किंवा अधिक बचावपटू असताना मिळणारा बोनस गुण, सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यावर येणारी निर्णायक तिसरी चढाई आणि संपूर्ण संघ बाद झाल्यावर मिळणारे लोणाचे दोन जादा गुण, या सर्व नियमांमुळे बचावाची आखणी गुंतागुंतीची झाली आहे.

बचावाचे मोजमाप करताना पहिली अडचण येते ती रिकाम्या चढाईची. बचावफळीची रचना इतकी पक्की असते की चढाईपटू निदान रेषा ओलांडून परत येतो, पण गडी टिपण्याचे धाडस करीत नाही. अशा वेळी बचाव यशस्वी झालेला असतो. मात्र त्याची नोंद कोणाच्याही नावावर गुण म्हणून होत नाही. याउलट पुढे झेपावून पकड करणाऱ्या बचावपटूच्या खात्यावर पकडगुण जास्त जमा होतात, तसेच त्याने सोडलेले गुणही जास्त असतात. म्हणून केवळ पकडगुणांची बेरीज करून एका गटाचा बचाव दुसऱ्यापेक्षा सरस ठरविणे योग्य नाही. पकडीचे एकूण प्रयत्न, त्यांपैकी यशस्वी पकडी, रिकाम्या परतविलेल्या चढाया आणि प्रतिस्पर्ध्यास दिलेले गुण अशी चारही अंगे एकत्र पाहावी लागतात.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. एखाद्या गटातील सामने कमी गुणांचे होत असतील, तर तेथील बचाव मजबूत आहे की चढाया दुबळ्या आहेत, हे त्या गटातील सामन्यांवरून सांगता येत नाही. दोन्ही कारणांचा परिणाम गुणफलकावर सारखाच उमटतो. दुसऱ्या गटातील चढाईपटूंसमोर तोच बचाव उभा राहतो तेव्हाच त्याचे खरे मोल कळते. म्हणजेच बचावाची तुलना ही अखेरीस कार्यक्रमपत्रिकेशी जोडलेली आहे.

तिसरी बाब म्हणजे पकड ही जोडीने करावयाची कला आहे. कोपरारक्षकाने घोट्याची पकड केली की शेजारच्या खेळाडूने त्याच क्षणी धडक देऊन चढाईपटूची मध्यरेषेकडील झेप रोखावी लागते. अर्ध्या क्षणाचा उशीर झाला तर एकाऐवजी दोघे बाद होतात. गुजरातच्या संघात परवेश भैंसवाल व सुनील कुमार या कव्हरच्या जोडीने २०१७ व २०१८ असे दोन्ही हंगाम एकत्र काढले आणि दोन्ही वेळा त्यांचा संघ आपल्या गटात अव्वल राहिला. चढाईपटू एका रात्रीत चमकू शकतो. बचावाची जोडी जमण्यास मात्र सामन्यांची संख्या लागते. प्रस्तुत लेखातील पुढील विवेचनाचा हा गाभा आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर बचावाचे महत्त्व २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत प्रकर्षाने दिसून आले. १९९० पासून पुरुष गटातील प्रत्येक सुवर्णपदक जिंकलेल्या भारताला उपांत्य सामन्यात इराणने २७-१८ असे पराभूत केले. नावाजलेल्या चढाईपटूंचा भरणा असलेल्या संघास चाळीस मिनिटांत केवळ अठरा गुण मिळावेत, ही बचावाची किमया होती. अंतिम सामन्यातही इराणने दक्षिण कोरियाला सोळा गुणांवर रोखले. महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारतावर २७-२४ असा विजय मिळविला.

दुसरा निकष : कार्यक्रमपत्रिका

स्पर्धेच्या आखणीच्या दोन मूळ पद्धती आहेत. साखळी पद्धतीत प्रत्येक संघ गटातील इतर सर्व संघांशी खेळतो, तर बाद पद्धतीत हरलेला संघ स्पर्धेबाहेर जातो. बाद पद्धतीत सामन्यांची संख्या संघांच्या संख्येपेक्षा एकने कमी असते. सोळा संघांची स्पर्धा पंधरा सामन्यांत संपते. परंतु त्यांपैकी आठ संघ एकच सामना खेळून घरी परततात. सोळा संघांची पूर्ण एकेरी साखळी खेळवावयाची तर एकशेवीस सामने लागतात. या दोन टोकांच्या मध्ये गटवार साखळी व त्यानंतर बाद फेरी ही पद्धत येते. राज्य व राष्ट्रीय स्पर्धांत ती रूढ आहे.

प्रो कबड्डीच्या २०१७ च्या हंगामात बारा संघांचे सहा-सहाचे दोन गट करण्यात आले. प्रत्येक संघास बावीस साखळी सामने होते. त्यांपैकी पंधरा सामने आपल्याच गटातील पाच संघांशी, प्रत्येकाशी तीन याप्रमाणे होते. उरलेले सात सामने दुसऱ्या गटातील सहा संघांशी प्रत्येकी एक व त्यात एक जादा असे होते. एकूण १३२ साखळी सामन्यांपैकी ९० सामने गटांतर्गत आणि केवळ ४२ सामने आंतरगट होते. विजयास पाच, बरोबरीस तीन आणि सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने झालेल्या पराभवास एक गुण दिला जात असे.

या रचनेचा परिणाम गुणतक्त्यात स्पष्ट दिसतो. ‘अ’ गटात गुजरात ८७, पुणेरी पलटण ८० व हरियाणा ७९ गुणांसह पहिल्या तीन क्रमांकांवर होते. ‘ब’ गटात बंगाल ७७, पाटणा ७१ व उत्तर प्रदेश ६४ असा क्रम होता. ‘अ’ गटातील तिसऱ्या संघाचे गुण ‘ब’ गटातील पहिल्या संघापेक्षा अधिक होते. तक्ता पाहणाऱ्याचा सहज समज होईल की ‘अ’ गट बलवान होता.

परंतु हा निष्कर्ष घाईचा ठरतो. गटातील दोन-तीन संघ कमकुवत असतील, तर वरच्या संघांना त्यांच्याविरुद्ध प्रत्येकी तीन सामने मिळतात आणि त्यांचे गुण फुगतात. गटातील सर्व संघ तुल्यबळ असतील, तर ते परस्परांचे गुण कापतात आणि पहिल्या क्रमांकाचा संघही मध्यम गुणसंख्येवर राहतो. बंगालने बावीसपैकी सहा सामने बरोबरीत सोडविले आणि पाटण्याने पाच. अटीतटीच्या सामन्यांची ही संख्या गटातील चुरस दर्शविते. पण बरोबरीत दोन्ही संघांना मिळून सहा गुण मिळत असले तरी जिंकणाऱ्याच्या पाच गुणांऐवजी प्रत्येकाच्या पदरी तीनच पडत असल्याने आघाडीच्या संघाची गुणसंख्या खाली येते. दोन स्वतंत्र गटांतील गुण हे दोन वेगवेगळ्या तराजूंवरील वजनांसारखे असतात. त्यांची थेट तुलना करता येत नाही.

कार्यक्रमपत्रिकेचे आणखी एक अंग म्हणजे सामन्यांचा क्रम व विश्रांती. त्या काळात लीग एका शहरातून दुसऱ्या शहरात जात असे आणि यजमान संघास आपल्या शहरातील सामने जवळजवळ लागोपाठ खेळावे लागत. थकव्याचा परिणाम चढाईपेक्षा बचावावर अधिक होतो, कारण चढाईपटूंना आलटून पालटून विश्रांती देता येते. बचावपटूला मात्र प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक चढाईत पायांवर वाकून सज्ज राहावे लागते. यजमानपदाचा लाभ आणि लागोपाठच्या सामन्यांचा ताण या दोन गोष्टी एकमेकींस छेद देत असत.

तिसरा निकष : बाद फेरीतील जोड्या

२०१७ मध्ये प्रत्येक गटातून पहिले तीन संघ बाद फेरीस पात्र ठरले. दोन्ही गटांतील अव्वल संघांचा सामना परस्परांशी होता आणि त्यात हरणाऱ्यास आणखी एक संधी होती. ‘अ’ गटातील दुसरा संघ ‘ब’ गटातील तिसऱ्याशी आणि ‘ब’ गटातील दुसरा संघ ‘अ’ गटातील तिसऱ्याशी खेळणार होता. अव्वल संघास दोन विजय पुरेसे होते. दुसऱ्या वा तिसऱ्या संघास मात्र सलग चार सामने जिंकणे आवश्यक होते.

प्रत्यक्षात काय घडले? गुजरातने बंगालला ४२-१७ असे सहज हरविले. ‘अ’ गटाच्या श्रेष्ठत्वाचा समज त्यामुळे दृढ झाला असणार. मात्र दुसऱ्या बाजूने ‘ब’ गटातील पाटण्याचा संघ पुढे सरकत होता. सुरेंदर नाडा व मोहित छिल्लर यांसारखे नामवंत बचावपटू ज्या संघात होते, त्या हरियाणाविरुद्ध पाटण्याने ६९ गुण नोंदविले. प्रदीप नरवाल याने त्या एका सामन्यात चढाईचे ३४ गुण मिळविले. त्यानंतर पाटण्याने पुण्याला ४२-३२ व बंगालला ४७-४४ असे नमविले आणि २८ ऑक्टोबर २०१७ रोजी चेन्नई येथे झालेल्या अंतिम सामन्यात गुजरातवर ५५-३८ असा विजय मिळविला. फझल अत्राचली व अबोझार मिघानी या इराणी खेळाडूंसह उभी असलेली गुजरातची बचावफळी त्या दिवशी प्रदीपला रोखू शकली नाही.

या निकालाचे एक संभाव्य स्पष्टीकरण कार्यक्रमपत्रिकेतच आढळते. प्रदीप नरवालची ‘डुबकी’, म्हणजे बचावपटूंच्या हातांच्या साखळीखालून शरीर झोकून मध्यरेषेकडे निसटण्याची शैली, ‘ब’ गटातील संघांना साखळीत तीन-तीन वेळा अनुभवावयास मिळाली होती. ‘अ’ गटातील संघांना ती एक किंवा फार तर दोन वेळाच सामोरी आली. आपल्या गटातील चढाईपटूंसाठी बसविलेला बचाव दुसऱ्या गटातील वेगळ्या शैलीसमोर अपुरा पडू शकतो. त्याचबरोबर हेही ध्यानात घेतले पाहिजे की बंगालविरुद्धचा सामना तीनच गुणांनी सुटला. म्हणजे ज्यांनी पाटण्याला वारंवार पाहिले होते, त्यांनीच त्यांना सर्वाधिक झुंजविले.

पुढील हंगामात हीच रचना कायम होती. ‘अ’ गटात गुजरात ९३ व यू मुंबा ८६ गुणांवर होते, तर ‘ब’ गटातील अव्वल बंगळूरूचे ७८ गुण होते. ‘ब’ गटात केवळ ५७ गुणांसह तिसऱ्या आलेल्या उत्तर प्रदेशच्या संघाने यू मुंबाला ३४-२९ असे हरवून स्पर्धेबाहेर केले. तक्त्यातील एकोणतीस गुणांचा फरक एका सामन्यात पुसला गेला. ५ जानेवारी २०१९ रोजी मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात मध्यंतरास पिछाडीवर असलेल्या बंगळूरूने पवन सेहरावतच्या २२ चढाईगुणांच्या बळावर गुजरातचा ३८-३३ असा पराभव केला. दोन्ही हंगामांत गुणतक्ता ‘अ’ गटाच्या बाजूने होता आणि दोन्ही वेळा विजेतेपद ‘ब’ गटाकडे गेले.

दोन अंतिम सामन्यांवरून ‘ब’ गट बलवान होता असे म्हणणे हीसुद्धा तितकीच चूक ठरेल. एकेका सामन्यात योगायोगास वाव असतो. २०१९ पासून बारा संघांची एकच दुहेरी साखळी सुरू झाली. त्या वर्षी साखळीत अव्वल ठरलेल्या दिल्लीस अंतिम फेरीत बंगालकडून ३९-३४ अशी हार पत्करावी लागली. याउलट २०२३-२४ मध्ये ९६ गुणांसह अग्रस्थानी राहिलेल्या पुणेरी पलटणने अंतिम सामना २८-२५ असा जिंकला. त्या हंगामात पुण्याच्या मोहम्मदरेझा शादलू याने पकडीचे ९९ गुण मिळविले होते. सर्व संघ सर्वांशी समान वेळा खेळले असल्यास तक्ता अधिक विश्वासार्ह होतो. बाद फेरीतील अनिश्चितता मात्र संपत नाही. २०२५ च्या हंगामात प्रत्येक संघाचे साखळी सामने अठरावर आणून बरोबरी रद्द करण्यात आली आणि बाद टप्प्यात आठ संघांना प्रवेश देण्यात आला. म्हणजे आखणीचा शोध अद्याप संपलेला नाही.

जोड्यांचे महत्त्व जकार्ता येथेही दिसले. भारताचा साखळीतील दक्षिण कोरियाविरुद्धचा सामना २४-२३ असा, केवळ एका गुणाने हातचा गेला. त्यामुळे भारत गटात दुसरा राहिला आणि उपांत्य फेरीत त्याची गाठ दुसऱ्या गटातील अव्वल इराणशी पडली. तो सामना जिंकला असता तर उपांत्य फेरीत पाकिस्तान समोर आला असता. साखळीतील एका गुणाने पुढचा मार्ग बदलतो, तो असा.

विभागवार कोट्याचा प्रश्न

गटांची तुलना केवळ व्यावसायिक लीगपुरती मर्यादित नाही. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा पूर्व, पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा चार विभागांत होतात आणि प्रत्येक विभागातील पहिले चार संघ आंतरविभागीय स्पर्धेस पात्र ठरतात. शहापूर व मुरबाड येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न असल्याने येथील खेळाडूचा मार्ग विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागाकडे जातो. एखाद्या विभागातील पाचवा संघ दुसऱ्या विभागातील तिसऱ्या संघापेक्षा सरस असू शकतो. तरीही समान कोट्यामुळे तो बाहेर राहतो. येथे प्रादेशिक प्रतिनिधित्व आणि गुणवत्ता यांत निवड करावी लागते. खेळाचा प्रसार हे उद्दिष्ट असल्यास समान कोटा समर्थनीय आहे. मात्र अशा वेळी विभागातील क्रमांक हा खेळाडूच्या योग्यतेचा एकमेव पुरावा मानला जाऊ नये.

शहापूर व मुरबाडच्या संदर्भात

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. त्यांत शहापूर व मुरबाड हे विस्ताराने मोठे व बहुतांशी ग्रामीण आहेत. शहापूर तालुक्यातून मध्य रेल्वे जाते. आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्थानके सोयीची आहेत. मुरबाडला मात्र रेल्वे नाही. डोळखांब किंवा टोकावडे परिसरातील संघास रात्रीचा सामना खेळून परतण्यासाठी स्वतःचे वाहन ठरवावे लागते. एका सामन्यासाठी एवढा खर्च करून पहिल्याच फेरीत परतावे लागले की पुढच्या वर्षी संघ नोंदविण्याचा उत्साह ओसरतो. बाद पद्धतीची ही किंमत गुणफलकावर दिसत नाही.

सोडतीचा भागही तपासण्यासारखा आहे. सोळा संघांच्या बाद स्पर्धेत मानांकन न देता केवळ चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या, तर स्पर्धेतील सर्वोत्तम दोन संघ एकाच अर्ध्यात येण्याची शक्यता पंधरांत सात, म्हणजे सुमारे ४७ टक्के असते. याचा अर्थ असा की जवळजवळ निम्म्या वेळा दुसऱ्या क्रमांकाच्या योग्यतेचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचूच शकत नाही. मागील वर्षीच्या विजेत्या व उपविजेत्या संघांना दोन वेगळ्या अर्ध्यांत ठेवण्याएवढे साधे मानांकनही हा दोष बराच कमी करते.

याला पर्याय म्हणून सोळा संघांचे चार-चारचे चार गट करून प्रत्येक गटातून दोन संघ बाद फेरीत घेतल्यास साखळीचे चोवीस व बाद फेरीचे सात असे एकतीस सामने होतात. प्रत्येक संघास किमान तीन सामने मिळतात. सर्वोत्तम दोन संघ एकाच गटात आले तरी दोघेही पुढे जाऊ शकतात आणि बाद फेरीत त्यांना वेगळ्या अर्ध्यांत ठेवता येते. एका सामन्यास मध्यंतर व तयारीसह सुमारे पन्नास मिनिटे धरल्यास दोन क्रीडांगणांवर बाद पद्धतीची स्पर्धा सुमारे पावणेसात तासांत संपते, तर गटवार पद्धतीस सुमारे तेरा तास लागतात. म्हणजे प्रश्न एका जादा रात्रीचा आहे. खेळाडूंवर ताण पडू नये म्हणून साखळी दोन रात्रींत व बाद फेरी तिसऱ्या दिवशी घेणे अधिक इष्ट ठरेल.

साखळी सामने परिसरनिहाय केंद्रांवर, उदाहरणार्थ किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावडे अशा ठिकाणी घेतल्यास प्रवासखर्च वाचतो. परंतु परिसरनिहाय गट केले की गट असमान होण्याचा धोका उद्भवतो आणि प्रो कबड्डीतील दोन गटांचाच प्रश्न लहान प्रमाणात पुन्हा उभा राहतो. त्यावर दोन उपाय संभवतात. पहिला, प्रत्येक गटात एक मानांकित संघ ठेवणे. दुसरा, प्रत्येक संघास शेजारच्या गटातील एका संघाशी जादा सामना देणे. आंतरगट सामन्यांची संख्या थोडी असली तरी गटांची तुलना करण्यासाठी तेवढाच खरा आधार उपलब्ध असतो.

मुलींच्या स्पर्धांत संघांची संख्या कमी असते तेथे तर पूर्ण साखळीच योग्य होय. चार संघांची बाद स्पर्धा तीन सामन्यांत संपते व दोन संघ एकेक सामना खेळून परततात. पूर्ण साखळीस सहाच सामने लागतात आणि प्रत्येक संघ तीनदा मैदानात उतरतो. हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत २०२३ मध्ये भारतीय महिलांनी चिनी तैपेईला २६-२५ असे हरवून सुवर्णपदक मिळविले. एका गुणाने सुटणाऱ्या सामन्यांत टिकून राहण्याची सवय सामने खेळूनच लागते.

शेवटची बाब नोंदींची. गुणलेखकाच्या तक्त्यात चढाईचे व पकडीचे गुण लिहिले जातात. त्यासोबत पकडीचे प्रयत्न आणि रिकाम्या चढाया यांची खूण करण्यासाठी एक जादा रकाना ठेवल्यास खर्च काहीच वाढत नाही. महाविद्यालयातील शारीरिक शिक्षण विभागाच्या विद्यार्थ्यांना हे काम सहज देता येईल. निवड समितीपुढे अशी नोंद आली तर हरलेल्या संघातील चांगला बचावपटूही विचारात घेतला जाईल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. स्वतंत्र गटांतील गुणसंख्येची थेट तुलना दिशाभूल करणारी असते. २०१७ व २०१८ च्या हंगामांनी हे दोनदा दाखवून दिले. बचावाचे मूल्यमापन केवळ पकडगुणांवरून होत नाही, तर त्यासाठी वेगवेगळ्या शैलींच्या चढाईपटूंविरुद्धचे सामने आवश्यक असतात. बाद फेरीतील जोड्या संघाचा मार्ग सुकर किंवा बिकट करतात. त्या सोडतीवर पूर्णतः सोपविणे म्हणजे गुणवत्तेचा निर्णय चिठ्ठीवर सोपविणे होय.

या तिन्ही निकषांच्या मुळाशी सामन्यांची संख्या आहे. चढाईपटू एका सामन्यात ओळखला जातो. बचावपटूची ओळख पटण्यास अनेक सामने लागतात. ज्या स्पर्धेत निम्मे संघ एकच सामना खेळतात, ती स्पर्धा नकळत चढाईपटूंचीच निवड करते. शहापूर व मुरबाडच्या मातीवर घोट्याची पकड शिकणाऱ्या मुलामुलींना न्याय द्यावयाचा असेल, तर मोठ्या बक्षिसापेक्षा आणि झगमगत्या प्रकाशझोतापेक्षा त्यांना दोन जादा सामने देणारी कार्यक्रमपत्रिका अधिक मोलाची ठरेल.